हाकेला येतो ना?

कुत्र्यांच्या बागेत माणसांना नावं नसतात. असतात, पण कोणी विचारत नाही. तिथे सगळे आपापल्या कुत्र्यावरून ओळखले जातात. बाहेर तुम्ही कितीही मोठे साहेब असा, जाळीचं फाटक ओलांडून आत आलात की तुम्ही पैलवानचे बाबा, नाहीतर चिमटीची आई. या न्यायाने मावशी तिथे ‘चुन्याची आई’ होत्या आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. वयाच्या साठाव्या वर्षी पहिल्यांदाच त्यांना कोणी आई म्हणत होतं. कुत्र्यावरून का होईना, म्हणत होतं.

‘मावशी’ हे नाव बसस्थानकाने दिलेलं. चौकशीच्या खिडकीमागे, एका माइकसमोर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कोणाचं मूल खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं गावाला त्यांच्या तोंडून कळायचं. आवाज असा, की शेवटच्या फलाटावर पेंगणारा माणूससुद्धा पिशवी उचलून उभा राहावा. चेहरा मात्र कोणी ओळखत नसे. बँकेच्या रांगेत त्यांनी नुसतं ‘पेन आहे का हो?’ विचारलं, तर चार माणसं वळून बघायची आणि पुन्हा समोर बघायची. आवाज कुठेतरी ऐकलाय, एवढंच त्यांना वाटायचं.

मग बसस्थानकात यंत्र आलं. त्यात कोणा मुलीचा गोड आवाज भरून ठेवला होता, आणि तिला ना सर्दी होत होती ना रजा लागत होती. मावशींना एक भिंतीवरचं घड्याळ आणि तीन भाषणं मिळाली. तिसरं भाषण चालू असतानाच बाहेर एकच गलका झाला. मागे सरकणाऱ्या एका बसच्या चाकाशी पांढरं पिल्लू झोपलं होतं. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता, हमाल ओरडत होते, आणि पिल्लू ढिम्म. मावशींनी हातातला चहा तसाच टेबलावर आदळला, धावत जाऊन पिल्लू उचललं, आणि ते पुन्हा खाली ठेवायचं राहूनच गेलं.

गुरांच्या डॉक्टरांनी त्याच्या डोक्यामागे टाळ्या वाजवल्या, एक पत्र्याचा डबा बडवला आणि सांगितलं, “जन्मतःच बहिरा आहे. पांढऱ्या कुत्र्यांत असतं असं कधी कधी. बाकी ठणठणीत आहे. फक्त रस्त्यावर मोकळा सोडू नका, कधीच.”

घरी वन्सं होत्या. वन्सं म्हणजे मावशींच्या नवऱ्याची थोरली बहीण, टायपिंगच्या क्लासात पोरींच्या बोटांवर पट्टी मारून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मधला माणूस गेला आणि कडेच्या दोघी दोन खोल्यांत राहिल्या. दोघींचं पटत नसे, पण न पटण्याची इतकी सवय झाली होती की वेगळं राहायचं कोणाच्या मनात आलं नाही. वन्संनी पिल्लाकडे चष्म्यावरून बघितलं आणि डॉक्टरांचा निकाल ऐकून घेतला.

“चला, बरं झालं,” त्या म्हणाल्या. “तुझी बडबड ऐकून न कंटाळणारं या घरात कोणीतरी हवंच होतं.”

त्याचं नाव चुन्या ठेवलं. ज्याला ऐकू येत नाही त्याला नाव कशाला, हा वन्संचा प्रश्न रास्त होता. पण मावशींनी जन्मभर गाड्यांनासुद्धा नावानिशी पुकारलं होतं.

वर्षभर चुन्या साखळीच्या टोकाला चालला. चार हात साखळी, तेवढंच त्याचं जग. मांजर दिसलं की तो झेप घ्यायचा आणि साखळी संपली की गळ्याला हिसका बसून मागे यायचा. दर हिसक्याला मावशींच्याच गळ्यात काहीतरी दुखायचं. म्हणून पाण्याच्या टाकीमागे कुत्र्यांची बाग झाली हे कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मावशी तिथे हजर.

छातीइतकी उंच जाळी, आत फुटबॉलच्या मैदानाच्या निम्मं गवत, दोन बाकं, एक नळ. आणि दोन फाटकं, एकामागे एक. मध्ये चारपाच माणसं उभी राहतील एवढी पिंजऱ्यासारखी जागा. बाहेरचं फाटक लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही आणि साखळी काढायची ती त्या पिंजऱ्यातच, कारण मोकळ्या कुत्र्यांत बांधलेलं कुत्रं गेलं की भांडणं होतात. हे सगळं पाटीवर लिहिलं होतं. पाटीखाली कमरेवर हात ठेवून बागेचे सेक्रेटरी उभे होते. तोंडावर मात्र सगळे त्यांना ‘साहेब’च म्हणत. ते नोकरीत असताना ड्रायव्हिंगची परीक्षा घेत आणि त्यांनी अर्धं गाव नापास केलं होतं, काहींना दोनदा. पैलवान नावाचा लठ्ठ, लाळगाळू कुत्रा हे त्यांचं एकमेव लाडकं अपत्य.

“नियम चार वाचलात?” साहेबांनी विचारलं. “हाक मारली की परत येणारे कुत्रेच इथे मोकळे सोडायचे. हाकेला येतो ना?”

मावशींनी चुन्याकडे बघितलं. तो जाळीला नाक लावून थरथरत होता. आत सात-आठ कुत्री एकमेकांच्या मागे उधळली होती. मावशींनी एकतीस वर्षांत फलाटाला न लागलेली गाडी कधी लागली म्हणून सांगितली नव्हती. वरिष्ठांनी डोळे वटारले तरी नाही.

“येतो की,” त्या म्हणाल्या.

साखळी निघाली. चुन्या क्षणभर तसाच उभा राहिला, गळ्याला हिसका बसायची वाट बघत. मग त्याला कळलं. वारं प्यायलेल्या वासरासारखा तो जो सुटला तो बागेला चार फेऱ्या मारूनच थांबला, जीभ बाहेर, डोळे चमकत, पोटाला चिखल. मावशी बाकावर बसल्या आणि त्यांना रडू आलं. आनंदाचंच होतं, पण थोडी लाजही होती त्यात. त्यांनी डोळे पुसले आणि ठरवलं, आता हे निभवायचं.

निभवायचं म्हणजे काय, तर नाटक. चुन्या घरी हात वर केलेला दिसला की धावत यायचा. म्हणून मावशी टपून बसायच्या. तो तोंड इकडे करून उभा आहे असं दिसलं की उजवा हात उंच करायचा आणि त्याच वेळी बसस्थानकाच्या खणखणीत आवाजात हाक द्यायची, “चुन्याऽऽ!” चुन्या हात बघून यायचा आणि लोकांना वाटायचं हाकेला आला. आला की बिस्किटाचा तुकडा. साहेब लांबून मान डोलवायचे. ‘बघा, असा पाहिजे कुत्रा,’ असंही एकदोघांना म्हणाले. मावशी तेव्हा हसून वेळ मारून नेत.

या नाटकात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. आवाज त्यांचा असा, की बागेत काय, टाकीपलीकडच्या रस्त्यावर ऐकू जावा. ‘चुन्या’ अशी आरोळी झाली की बिस्किटं निघतात हे चुन्या सोडून बाकी सगळ्यांना आठवडाभरात कळलं. हाक झाली की आधी पैलवान हजर, मग चिमटी, मग उरलेली पलटण. मावशींना नाही म्हणता येत नसे. खाली वाकून एकेका तोंडात तुकडा घालताना त्यांची सकाळ जायची, आणि पुडा रोज एक लागायचा. वन्सं म्हणायच्या, “आपण पेन्शन घेतो ती गावची कुत्री पोसायला, हे मला माहीत नव्हतं.”

असे सहा महिने गेले. मग एका सकाळी ते घडलं. एका बाईंच्या हातात दोन पिशव्या होत्या, कोपराने त्यांनी आतलं फाटक ढकललं आणि बाहेरचं मागे लागलंच नव्हतं. एक तपकिरी कुत्रा दोन्ही फाटकांतून बाणासारखा बाहेर गेला. मालक ओरडतोय, सगळे ओरडतायत आणि कुत्रा भर रस्त्यात. ट्रकचे ब्रेक कर्कश वाजले. त्या आवाजानेच कुत्रा दचकून बाजूला उडी मारून आला, म्हणून वाचला. त्याच्या मालकाला नळाखाली बसवून डोक्यावर पाणी मारावं लागलं.

बाकीच्यांचा जीव भांड्यात पडला. मावशींचा पडला नाही. त्या आवाजाने कुत्रा वाचला, हे त्यांनी बघितलं होतं. त्या ठिकाणी चुन्या असता तर?

साहेब तर हादरलेच होते. हादरलेला माणूस आपल्या जुन्या धंद्याकडे वळतो. त्यांनी फर्मान काढलं: येत्या रविवारी प्रत्येक कुत्र्याची परीक्षा. कुत्रा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, पाठमोरा. मालक फाटकापाशी. एकच हाक. आला तर गळ्यात पितळी बिल्ला आणि मोकळीक. नाही आला, तर यापुढे जाळीबाहेरच्या पट्टीत साखळीला बांधून फिरवायचं. अपवाद नाही.

पाठमोरा! मावशींचं धाबं दणाणलं. हात कितीही उंच केला तरी पाठीला डोळे नसतात. घरी त्यांनी युक्ती काढून पाहिली. चुन्याला भिंतीकडे तोंड करून बसवायचं आणि मागून जमिनीवर पाय आपटायचा. धक्का कळून तो वळायचा. दोन दिवस हा व्यायाम चालला, तेव्हा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि वन्संना म्हणाले, “आजी, घरात कुणी नाच शिकतंय का?” आणि गवतावर पाय आपटून पाहिला तर चुन्याला काहीच कळलं नाही. गवताने सगळा धक्का गिळून टाकला.

शनिवारी संध्याकाळी वन्संनी विचारलं, “अगं, सरळ सांगून का टाकत नाहीस त्या साहेबाला?”

“सांगितलं तर साखळी, वन्सं. वर्षभर साखळीत काढलंय त्याने. आता मोकळं धावणं काय असतं ते कळल्यावर पुन्हा कसं बांधू त्याला?”

“उद्या मीही येते,” वन्सं म्हणाल्या. वन्संनी टोमणा मारला नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं मावशींना कळत होतं.

रविवारी बागेत लग्नाला जमावी तशी गर्दी. वन्सं काठी टेकत आल्या आणि बाकावर पहिली जागा पटकावून बसल्या. अकरा कुत्री होती. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, गळ्यात शिट्टी, हातात वही. ज्यांची पाळी नाही त्यांनी आपापलं कुत्रं साखळीत धरून मागच्या जाळीला लागून ओळीत उभं राहायचं, म्हणजे मधलं मैदान मोकळं. साहेबही पैलवानला घेऊन त्याच ओळीत उभे राहिले. दोन कुत्री नापास झाली. त्यातलं एक, मालकाने हाक मारली तेव्हा, शांतपणे नळाला पाय वर करून उभं राहिलं.

“चुन्या!” साहेबांनी पुकारलं.

चुन्याला मैदानाच्या टोकाला नेऊन धरायचं काम सिस्टरकडे होतं. सिस्टर म्हणजे चिमटीची आई. दवाखान्यातली ड्युटी संपवून ती थेट इकडे यायची, बाकावर बसायची, फारसं बोलायची नाही. चिमटीला ओळीतल्या एकाच्या हाती देऊन तिने चुन्याला मागच्या जाळीकडे तोंड करून उभं केलं, त्याच्या पट्ट्यावरचा हात काढला आणि ती बाजूला झाली. चुन्या ओळीतल्या कुत्र्यांकडे बघून शेपूट हलवत होता. मावशी फाटकापाशी. मध्ये सगळं मैदान. आता काय व्हायचं ते होवो, म्हणून त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि बसस्थानकातसुद्धा कधी दिली नव्हती अशी हाक दिली.

“चुन्याऽऽऽ!”

चुन्याला काही कळलं नाही. पण बाकीच्या दहांना कळलं! पैलवान साखळीसकट उठला. साखळीच्या दुसऱ्या टोकाला साहेब होते, ते दोन पावलं धावले आणि तिसऱ्याला पोटावर आले. चिमटी निघाली, तपकिरी निघाला, नापास झालेली दोघंही निघाली. सगळी ओळच्या ओळ चुन्याला दोन्ही बाजूंनी ओलांडून मावशींकडे सुटली, मागे फरफटणारी माणसं, निसटलेल्या चपला, हवेत उडालेली वही. चुन्याने बघितलं, सगळे तिकडे चाललेत. तो वळला, आणि पळण्यात तो कोणाला ऐकतो! सगळ्यांना मागे टाकून पहिला मावशींच्या पायाशी.

बागेत हास्याचा स्फोट झाला. वन्सं तर काठी बडवून हसत होत्या. साहेब उठले, गुडघ्यावरचं गवत झटकलं, वही शोधली. तोंड गंभीर ठेवण्याची त्यांची पराकाष्ठा चालली होती.

“पद्धत विचित्र आहे,” ते म्हणाले, “पण आला. पहिला आला. पास.” आणि त्यांनी पितळी बिल्ला पुढे केला.

मावशींनी हात पुढे केला नाही.

घ्यायला काय हरकत होती? घेऊन घरी जायचं होतं, सगळं सुरळीत झालं असतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे तो ट्रक उभा होता. इतकी माणसं रोज इथे येतात आणि त्यातल्या एकालाही माहीत नाही की या कुत्र्याला हाक ऐकू येत नाही. उद्या फाटक उघडं राहिलं, तर ही सगळी भली माणसं फाटकात उभी राहून चुन्याच्या नावाने ओरडत बसतील.

“साहेब, तो बहिरा आहे,” मावशी म्हणाल्या. आवाज लहान होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. “जन्मापासून. मी तुमच्याशी खोटं बोलले. पहिल्या दिवसापासून खोटं बोलतेय. तो कधी बाहेर पळाला तर हाका मारत थांबू नका, धरायला धावा. एवढं सगळ्यांनी लक्षात ठेवा. मग त्याला साखळीत ठेवा म्हणालात तर ठेवीन मी.”

हसणं थांबलं. साहेबांचा चेहरा उतरला. सहा महिने ते याच कुत्र्याचं उदाहरण देत आले होते.

“माझ्याकडे यायचे एकेक,” ते हळू म्हणाले, “डोळ्यांचा तक्ता पाठ करून. दिसत काही नाही आणि शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवायचे. मी त्यांना कधी सोडलं नाही, बाई. रस्त्यावर माणसं असतात.” त्यांनी वही मिटली. “नियम म्हणजे नियम. साखळी लावा.”

“बरोबर आहे तुमचं,” मावशी म्हणाल्या आणि पिशवीतून साखळी काढली.

पण चुन्या थांबला होता कुठे! बिस्किट मिळत नाही म्हटल्यावर तो पुन्हा मैदानाच्या मध्यावर पळाला होता आणि पाठ करून गवतात काहीतरी हुंगत होता. त्याच्यापर्यंत चालत जायला मावशींनी पाऊल उचललं. तेवढ्यात सिस्टरने त्यांचा दंड धरला.

“जाऊ नका. हाक नको, हात पण करू नका. नुसत्या उभ्या राहा. साहेब, तुम्ही पण बघा जरा.”

“काय बघायचं?” साहेब म्हणाले.

“बघा तर.”

सगळे उभे राहिले. चुन्या हुंगत हुंगत जाळीपर्यंत गेला. एका फुलपाखरामागे दोन उड्या मारल्या. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मग चुन्याने मान वळवली, आणि त्याची नजर सगळ्या माणसांवरून फिरत मावशींवर येऊन थांबली. आहे, एवढं बघून तो पुन्हा आपल्या उद्योगाला लागला. थोड्या वेळाने पुन्हा वळला. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा वळला तेव्हा मावशी डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. त्याला ते काही बरं वाटलं नसावं. हातातलं काम टाकून तो सरळ त्यांच्याकडे धावत आला आणि त्यांच्या पावलांवर बूड टेकवून बसला.

साहेबांनी पायाशी लाळ गाळत बसलेल्या पैलवानकडे बघितलं.

“माझा पैलवान,” ते म्हणाले, “सात वर्षांत एकदा मागे वळून बघत नाही, मी आहे का मेलो.” त्यांनी मिटलेली वही पुन्हा उघडली. “परीक्षेत दुसरी संधी असते. हा पास झाला. पाटीवर मात्र लिहायचं, मोठ्या अक्षरात, की याला ऐकू येत नाही. ते मी स्वतः लिहितो.” आणि खाली वाकून त्यांनी स्वतःच्या हाताने चुन्याच्या पट्ट्याला बिल्ला अडकवला.

मावशींना ते दिसतही नव्हतं. त्या सिस्टरकडे बघत होत्या.

“तुला कसं कळलं गं?”

“मी समोरच्या बाकावर बसते ना रोज. तुम्ही खाली वाकून बिस्किटं वाटत असता, तेव्हा तो लांबून तुमच्याकडे बघत असतो. तुम्ही वर बघत नाही, म्हणून पुन्हा खेळायला जातो.”

“रोज?” मावशींनी विचारलं.

“रोज,” सिस्टर म्हणाली.

मावशी तिथेच गवतात खाली बसल्या आणि पहिल्यांदाच काही न बोलता चुन्याकडे बघत राहिल्या.